गांजाचा उग्र वास नेमका कशाचा?

गांजातला जो घटक नशा आणतो, त्याला वास नसतो. टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल, म्हणजे टीएचसी, शुद्ध करून नाकाखाली धरलं तरी फारसं काही जाणवत नाही. सीबीडी, म्हणजे कॅनाबिडायॉल हा गांजातला नशा न आणणारा घटक, त्याचंही तसंच. आणि तरी गांजाचा वास असा, की ज्यानं या झाडाला कधी हात लावलेला नाही तोही जिन्यातून जाता-जाता ओळखतो. नशा एका रसायनाची, वास भलत्याच रसायनांचा, आणि दोन्ही राळेच्या एकाच थेंबात मुरलेले.

या वासाचं कारण विचारलं की बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळतं: टर्पिनं, म्हणजे वनस्पतींतली चटकन उडणारी सुगंधी द्रव्यं. बियाणं विकणाऱ्यांच्या याद्यांत तेच, प्रयोगशाळांच्या अहवालांत तेच, पाकिटावरच्या लेबलांवरही तेच. हे उत्तर चुकीचं नाही, पण अर्धं आहे. एखादं वाण लिंबाची, एखादं पेट्रोलची, तर एखादं लसणाची आठवण का करून देतं, हे नुसत्या टर्पिनांच्या टक्केवारीवरून सांगता येत नाही. तो फरक घडवणारी रसायनं इतक्या सूक्ष्म प्रमाणात असतात की त्यांतलं सगळ्यात गाजलेलं रसायन गांजात असल्याचं रीतसर सिद्ध व्हायला २०२१ साल उजाडावं लागलं. म्हणून आधी टर्पिनांची गोष्ट नीट समजून घेऊ आणि मग ती कुठे अपुरी पडते ते पाहू.

वास तयार होतो ती जागा

मादी झाडाचा तुरा भिंगाखाली धरला की फुलांभोवतीच्या इवल्या पानांवर बारीक चकाकी दिसते. भिंगाची ताकद वाढवली की त्या चकाकीचे सुटे भाग दिसू लागतात. प्रत्येक ठिकाणी एक पारदर्शक देठ असतो आणि त्याच्या टोकावर काचेसारखं गोल डोकं. हे डोकं जेमतेम मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढं, बहुतेकदा त्याहूनही लहान. या ग्रंथींना ट्रायकोम म्हणतात. डोक्याच्या तळाशी स्राव करणाऱ्या पेशींची एक चकती असते. त्या पेशी जे बनवतात ते वर ढकललं जातं आणि वरच्या पातळ आवरणाखालच्या पोकळीत साठून राहतं. बोट लागलं की आवरण फुटतं, चिकट राळ बोटाला लागते आणि इतका वेळ आत कोंडलेला वास एकदम बाहेर पडतो. न कुस्करलेल्या तुऱ्याचा वास मंद आणि कुस्करल्यावरचा भपकारा वेगळा, याचं कारण हे आवरण आहे.

सगळे ट्रायकोम सारखे नसतात. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवून दिलं, की पानाला चिकटून बसणाऱ्या बिनदेठी ग्रंथीत स्रावी पेशी साधारण ८ असतात, तर फुलांवरच्या देठवाल्या ग्रंथीत १२ ते १६. शिवाय देठवाल्या ग्रंथींत हलकी, चटकन उडणारी टर्पिनं जास्त असतात. त्यामुळे एकाच झाडाची पानं आणि तुरे शेजारी ठेवले तर वासात फरक पडतो. तो फक्त कमी-जास्तीचा नसतो, प्रकारातही असतो.

आता टर्पीन म्हणजे काय ते पाहू. पाच कार्बन अणूंचा एक तुकडा हा यातला पाया. दोन तुकडे जोडले की दहा कार्बनचं मोनोटर्पीन तयार होतं, तीन जोडले की पंधरा कार्बनचं सेस्क्वीटर्पीन. पहिला गट हलका असतो. तो लवकर हवेत मिसळतो, नाकाला आधी भेटतो आणि आधी संपतो. दुसरा जड असतो आणि मागे रेंगाळतो. पेशीत हे काम दोन वेगळ्या ठिकाणी चालतं: मोनोटर्पिनं प्लॅस्टिड नावाच्या अंगकांत, आणि सेस्क्वीटर्पिनं पेशीद्रवात.

इथे एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. मोनोटर्पिनं ज्या दहा कार्बनच्या कच्च्या मालापासून बनतात, त्याचं नाव जेरॅनिल डायफॉस्फेट. ट्रायकोममध्ये हाच रेणू ऑलिव्हेटॉलिक आम्लाशी जोडला गेला की कॅनाबिजेरॉलिक आम्ल तयार होतं, आणि त्यापासून पुढे टीएचसी-सीबीडीची आम्लं बनतात. म्हणजे वास आणि नशा वेगवेगळ्या रसायनांची असली तरी दोघांचा कच्चा माल एकच आहे.

त्या कच्च्या मालाचं पुढे लिमोनीन होणार की मिरसीन की आणखी काही, हे टर्पीन सिंथेस नावाची विकरं ठरवतात. ही विकरं एकाच उत्पादनाला बांधलेली नसतात. एक विकर एकाच वेळी दोन-चार, कधी त्याहून जास्त टर्पिनं बनवून टाकतं. कोणत्या वाणात कोणत्या विकराचं जनुक आहे आणि ते किती जोमानं काम करतं, यावर त्या वाणाच्या वासाचा पाया ठरतो. म्हणूनच काही टर्पिनं नेहमी जोडीनं सापडतात. कॅरिओफिलिन सापडलं की ह्युम्युलीन सहसा असतंच, कारण दोन्ही एकाच विकरातून बाहेर पडतात.

झाड हा सगळा खटाटोप कशासाठी करतं? फुलांचा वास म्हटला की कीटकांना बोलावणं हे कारण आपल्या मनात आधी येतं. पण गांजाचं परागीभवन वाऱ्यानं होतं, त्याला कीटकांची गरज नाही. ही चिकट, उग्र वासाची राळ बोलावण्यापेक्षा पिटाळण्याच्या कामी जास्त येते. पानं कुरतडणारे किडे तिला चिकटून बसतात, आणि अनेक टर्पिनं कीटकांना नकोशी असतात. बी तयार व्हायच्या जागेभोवतीच ट्रायकोमची सर्वात दाट गर्दी असते, हेही त्याला धरूनच आहे.

तीन मोठी कुळं

गांजात टर्पिनं दीडशेच्या वर सापडली आहेत, पण भरपूर प्रमाणात असणारी मोजकीच. सुकलेल्या तुऱ्याच्या वजनात सगळी मिळून साधारण १ ते ३ टक्के भरतात, क्वचित त्याहून थोडी जास्त.

मिरसीन हे सर्वांत जास्त आढळणाऱ्यांपैकी एक. मातकट, जरा कस्तुरीसारखा, पिकलेल्या फळाकडे झुकणारा वास. बिअरमध्ये घालतात त्या हॉप्समध्ये हेच मुबलक असतं आणि त्यात नवल नाही, कारण हॉप्सची वेल आणि गांजा एकाच कुळातल्या वनस्पती आहेत. लिमोनीन संत्र्या-मोसंब्याच्या सालीत असतं. कॅरिओफिलिन काळ्या मिरीत आणि लवंगेत, पाइनीन चीड-देवदाराच्या राळेत, लिनालूल लव्हेंडरमध्ये. टर्पिनोलीन जरा वेगळं आहे: त्याच्या वासात एकाच वेळी फुलं, ओलं लाकूड आणि फळाची साल असं सगळं येतं, त्यामुळे एका शब्दात सांगणं अवघड जातं.

अमेरिकेतल्या सहा राज्यांत विकल्या गेलेल्या गांजाच्या जवळजवळ ९०,००० नमुन्यांचे प्रयोगशाळा-अहवाल एकत्र करून २०२२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. इतकी वाणं, इतकी नावं, आणि तरी टर्पिनांच्या हिशेबानं ढोबळ गट पडले तीनच. एकात कॅरिओफिलिन आणि लिमोनीन पुढे, दुसऱ्यात मिरसीन आणि पाइनीन, तिसऱ्यात टर्पिनोलीन आणि मिरसीन. तिसरा गट सर्वांत लहान. जॅक हेरर हे त्यातलं ठळक नाव, आणि दक्षिण आफ्रिकेतून आलेल्या डर्बन पॉयझनची ओळखही टर्पिनोलीनशीच जोडलेली आहे. ओजी कुश आणि गर्ल स्काउट कुकीज यांच्या वंशातली बरीच वाणं पहिल्या गटात मोडतात.

इथेच एक अडचण उभी राहते. गट जर तीनच, तर नाकाला शेकडो वेगवेगळे वास का येतात? टर्पिनांचा आलेख जवळपास सारखा असलेली दोन वाणं शेजारी ठेवली तर एक गोड फळासारखं आणि दुसरं जळक्या रबरासारखं, असं होतं तरी कसं? सावर डिझेल आणि केमडॉग ही नव्वदच्या दशकात अमेरिकेत नावारूपाला आलेली वाणं त्यांच्या इंधनासारख्या वासासाठी प्रसिद्ध आहेत. त्यांच्या अहवालात कॅरिओफिलिन, लिमोनीन, मिरसीन हीच नेहमीची मंडळी दिसतात. यांतल्या कुठल्याच टर्पिनाला पेट्रोलचा वास नाही.

टक्केवारी आणि नाक

या कोड्याची किल्ली फळांच्या सालीत सापडते. संत्र्याच्या सालीच्या तेलात नव्वद टक्क्यांहून जास्त लिमोनीन असतं. ग्रेपफ्रूटच्या सालीतही तेवढंच. लिंबाच्या तेलातही निम्म्याहून जास्त भरणा त्याचाच. मग ही तिन्ही फळं डोळे मिटून वेगळी कशी ओळखू येतात? लिंबाचं लिंबूपण सिट्रालमुळे येतं, आणि ते तेलात अवघे काही टक्के असतं. ग्रेपफ्रूटमध्ये तर गंधक असलेला एक रेणू आहे, मेंथीन-थायॉल. हा माणसाला ठाऊक असलेल्या सर्वांत तीव्र गंधद्रव्यांपैकी एक आहे. पाण्यात एक हजार अब्ज भागांत एक भागाहूनही कमी असला तरी नाकाला कळतो. भरलेल्या सभागृहात हजार माणसं कुजबुजत असावीत आणि एकानं शिट्टी मारावी, तसा हा प्रकार. लक्षात राहते ती शिट्टी.

रसायनशास्त्रात यासाठी एक सरळ हिशेब आहे. एखाद्या द्रव्याचं हवेतलं प्रमाण भागिले ते नाकाला कळायला लागणारं किमान प्रमाण. उत्तर जितकं मोठं, तितका त्या द्रव्याचा वासात वाटा मोठा. प्रमाण प्रचंड असून उंबरठाही उंच असेल, तर ते द्रव्य मागे पडतं. प्रमाण नगण्य असून उंबरठा त्याहून कैक पट खाली असेल, तर तेच राज्य करतं. लेबलावर छापलेली टर्पिनांची टक्केवारी या भागाकारातला फक्त वरचा आकडा सांगते.

हा दुसरा आकडा समजण्यासाठी प्रयोगशाळेत यंत्राबरोबर माणसाचं नाक वापरतात. गॅस क्रोमॅटोग्राफ नावाचं यंत्र मिश्रणातले रेणू लांबच लांब, केसासारख्या बारीक नळीतून सोडतं. कुणी लवकर बाहेर पडतं, कुणी उशिरा. नळीच्या टोकाला दोन फाटे असतात: एक फाटा मोजणाऱ्या यंत्राकडे, दुसरा काचेच्या छोट्या नसराळ्याकडे. तिथे एक प्रशिक्षित माणूस नाक लावून बसलेला असतो आणि क्षणाक्षणाला नोंद करत जातो: आता गवत, आता काही नाही, आता मिरी, आता एकदम सडका कांदा. नंतर दोन्ही कागद शेजारी ठेवले की गंमत कळते. यंत्राच्या आलेखावर जिथे उंच शिखर आहे, तिथे कधी कधी नाकाची नोंद कोरी असते. आणि जिथे आलेख सपाट, तिथे नाकवाल्यानं ठळक अक्षरात लिहिलेलं असतं. आयोवा स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये गांजावर असाच प्रयोग केला. त्यांना दोनशेहून जास्त बाष्पनशील द्रव्यं आढळली आणि सर्वांत मुबलक असलेली द्रव्यंच वासात सर्वांत वजनदार ठरतात असं काही दिसलं नाही.

नाकाच्या बाजूनंही हे पटतं. माणसात वास टिपणाऱ्या ग्राहींचे साधारण ४०० प्रकार आहेत. एक रेणू अनेक ग्राहींना कमी-अधिक छेडतो आणि त्या सगळ्यांच्या मिळून उमटलेल्या नक्षीतून मेंदू वास ओळखतो. मिश्रणात एखादाच नवा रेणू आला तरी नक्षी बदलते, कधी इतकी की आधीचा वास ओळखूच येऊ नये.

स्कंकचं गंधक

गांजाच्या वासाला इंग्रजी बोलणाऱ्या जगात सर्रास स्कंकची उपमा देतात. स्कंक हा अमेरिका खंडातला काळा-पांढरा प्राणी, जिवावर बेतलं की शेपटीखालच्या ग्रंथींतून दुर्गंधी फवारा मारणारा. या नावाचं वाणही आहे. स्कंक नंबर १ हे १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियात अफगाण, मेक्सिकन आणि कोलंबियन झाडांच्या संकरातून तयार झालं आणि १९८० च्या दशकात नेदरलँड्समध्ये पोहोचलं. तिथून त्याच्या बिया जगभर गेल्या. आजच्या कितीतरी वाणांच्या वंशावळीत ते कुठे ना कुठे सापडतंच. इंग्लंडमध्ये त्याच बियांतून निघालेल्या एका झाडाला मुरलेल्या चीजसारखा वास होता. त्या झाडाच्या फांद्या लावून-लावून ते जपलं गेलं आणि चीज याच नावानं ओळखलं जाऊ लागलं.

पण स्कंकचा वास गांजात कुठून? कित्येक वर्षं हे श्रेय मिरसीनसारख्या टर्पिनांच्या खात्यावर जमा होत राहिलं. २०२१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका चमूनं १३ वाणं घेतली, माणसांकडून त्यांचा स्कंकीपणा क्रमानं लावून घेतला, आणि मग फक्त गंधकाला प्रतिसाद देणारं शोधक यंत्र जोडून त्यांची तपासणी केली. त्यात गंधकयुक्त रेणूंचं एक आख्खं कुटुंब बाहेर आलं. त्यांतला प्रमुख रेणू ३-मिथिल-२-ब्युटीन-१-थायॉल, सुटसुटीत बोलायचं तर प्रेनिल थायॉल. ज्या वाणांना लोकांनी सर्वांत स्कंकी ठरवलं होतं, त्यांतच तो सर्वांत जास्त होता, आणि बाचिओ जेलाटो नावाचं वाण त्यात आघाडीवर होतं.

हा रेणू रचनेच्या अंगानं बघण्यासारखा आहे. वर टर्पिनांचा पाया म्हणून पाच कार्बनचा तुकडा सांगितला. त्याच तुकड्याला गंधक आणि हायड्रोजनची जोडी लावली की प्रेनिल थायॉल होतं; अशी जोडी असलेल्या रेणूंनाच थायॉल म्हणतात. खऱ्या स्कंकच्या फवाऱ्यात जे थायॉल असतात त्यांतला एक म्हणजे ३-मिथिल-१-ब्युटेनथायॉल. दोघांत फरक एका दुहेरी बंधाचा. लोक इतकी वर्षं जी उपमा देत होते ती रसायनशास्त्राच्या पातळीवरही इतकी नेमकी निघाली, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

हाच प्रेनिल थायॉल बिअर बनवणारे फार आधीपासून ओळखून होते. हॉप्समधल्या कडू द्रव्यांवर उजेड पडला की बिअरमध्ये तो तयार होतो. एका लिटरमध्ये काही नॅनोग्रॅम झाला तरी बिअर बिघडली असं पिणारा म्हणतो. बिअरच्या बाटल्या तपकिरी काचेच्या असण्यामागे हे एक मोठं कारण आहे.

थायॉल या कुळाशी आपलं नाक असं सावध का, त्याचं एक कारण ग्राहींच्या रचनेत आहे. गंधकाच्या या रेणूंना टिपणाऱ्या काही ग्राहींना तांब्याच्या आयनाची मदत मिळते. गंधक तांब्याला घट्ट धरतं, त्यामुळे अगदी थोडे रेणूही पुरतात. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात एथिल मरकॅप्टन मिसळतात, तेही याच कुळातलं. सडणं, कुजणं, गळती यांची खबर देणाऱ्या रेणूंवर नाक सर्वांत आधी प्रतिक्रिया देतं.

गांजातले हे रेणू लसणाच्या रेणूंचेही भाऊबंद आहेत. लसणात गंधकाला अलिल नावाचा तीन कार्बनचा तुकडा जोडलेला असतो, इथे प्रेनिल हा पाच कार्बनचा. केमडॉग आणि गर्ल स्काउट कुकीज यांच्या संकरातून आलेल्या जीएमओ या वाणाचा लसूण-कांद्यासारखा वास प्रसिद्ध आहे. अशा वासांकडे बघताना टर्पिनांच्या यादीत उत्तर शोधत बसण्यात अर्थ नाही, हे आता पुरेसं स्पष्ट झालं आहे.

त्याच चमूनं २०२३ मध्ये पुढचं पाऊल टाकलं. ३१ वाणांचे अर्क घेतले आणि विचारलं, की हल्ली ज्यांना एक्झॉटिक म्हणतात त्या फळांच्या किंवा खमंग वासाच्या वाणांत वेगळं काय आहे. उत्तर पुन्हा अत्यल्प द्रव्यांत सापडलं. फळांच्या टोकाला ३-मरकॅप्टोहेक्झॅनॉल आणि त्याची एस्टर: हेही गंधकाचेच रेणू, पण यांचा वास पॅशनफ्रूट आणि ग्रेपफ्रूटचा. सोव्हिन्यों ब्लाँ या पांढऱ्या वाइनचा ओळखीचा वास याच रेणूंचा. खमंग, रासायनिक टोकाला मात्र स्कॅटोल सापडलं. स्कॅटोल विष्ठेच्या दुर्गंधीत असतं, आणि अगदी विरळ केलं की त्याचाच वास फुलांकडे झुकतो; अत्तरवाले ते वापरतातही. एकाच रेणूचा वास प्रमाणानुसार किळसवाणा किंवा हवाहवासा होऊ शकतो, हे इथे विसरता येत नाही.

नावावर किती भरवसा ठेवायचा

नावात लेमन आहे म्हणून त्यात लिमोनीनच सर्वाधिक असेल असं नाही. सुपर लेमन हेझ, टँजी, ब्लूबेरी ही नावं पैदास करणाऱ्याला त्या एका झाडात काय जाणवलं ते सांगतात. त्या झाडाची फांदी लावून वाढवलेलं झाड जनुकांच्या दृष्टीनं तेच असतं, पण त्याच नावाच्या बियांतून आलेली भावंडं एकमेकांपेक्षा बरीच वेगळी निघू शकतात. फांदीपासून वाढवलेल्या झाडातही ऊन, उष्णता, खत, काढणीची वेळ यांनी वास हलतो.

गांजाचे दोन प्रकार म्हणून विकताना लावतात त्या इंडिका आणि सटायव्हा या शिक्क्यांचं काय? कॅनडातलं डलहौसी विद्यापीठ आणि नेदरलँड्स इथल्या संशोधकांनी २०२१ मध्ये जवळपास ३०० नमुने तपासले. एकूण जनुकांच्या पातळीवर हे दोन शिक्के वेगळे वंश दाखवत नव्हते. पण काही थोड्या टर्पिनांशी त्यांचं नातं दिसलं: इंडिका म्हणून विकल्या जाणाऱ्या नमुन्यांत मिरसीन, ग्वायोल, युडेस्मॉल जास्त, सटायव्हा म्हणवणाऱ्यांत फार्नेसीन आणि बर्गामोटीन जास्त. मला याचा अर्थ सरळ वाटतो. माणसं झाडांना ही लेबलं बऱ्याच अंशी नाकानंच लावत आली आहेत, वंश न तपासता. ग्वायोल आणि युडेस्मॉल ही अफगाण झाडांची खूण असल्याचं त्याआधी २००४ मध्येही नोंदलं गेलं होतं.

आणखी एक समजूत आवर्जून खोडायला हवी: वास जितका उग्र तितका गांजा कडक. टीएचसीला वास नाही हे एकदा लक्षात घेतलं की या समजुतीखालचा आधारच निघून जातो. प्रेनिल थायॉलचं प्रमाण वजनाच्या हिशेबानं इतकं क्षुल्लक असतं की त्यावरून टीएचसीचा अंदाज बांधणं शक्यच नाही. उग्र वासाच्या तुऱ्यात टीएचसी कमी असू शकतं आणि मंद वासाच्या तुऱ्यात भरपूर. ज्याला ताकदीचा अंदाज नाकानं घ्यायची सवय आहे, तो यात सपशेल फसू शकतो, आणि मात्रा चुकली तर त्रास खरा होतो.

काढणीनंतर

तुरा कापला की वास बदलायला लागतो. मिसिसिपी विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९६ मध्ये ताज्या आणि हवेत सुकवलेल्या तुऱ्यांतलं सुगंधी तेल मोजलं. आठवडाभर सुकवून ठेवल्यावर ३१ टक्के तेल उडून गेलं होतं, महिन्यानं सुमारे ४५ टक्के, तीन महिन्यांनी सुमारे ५५ टक्के. आणि जे उरलं तेही आधीसारखं नव्हतं. हलकी मोनोटर्पिनं आधी गेल्यामुळे उरलेल्या तेलात जड सेस्क्वीटर्पिनांचा वाटा वाढला. ताज्या तुऱ्याचा फळा-सालीचा तजेला जाऊन मागे लाकूड आणि मिरीकडे झुकणारा वास उरतो तो यामुळे.

गंधकाच्या रेणूंची चाल आणखी वेगळी आहे. २०२१ च्याच अभ्यासात दिसलं, की फुलोऱ्याच्या अखेरच्या टप्प्यात त्यांचं प्रमाण झपाट्यानं वाढतं, सुकवून मुरवताना कळस गाठतं, आणि मग साठवणीत आठवडा-दहा दिवसांतच घसरतं. फार घाईनं सुकवलेल्या मालाला वाळल्या गवताचा वास येतो. जुन्या मालाला येतो तो ऑक्सिजनाशी संयोग झालेल्या टर्पिनांचा. कॅरिओफिलिनचं हवेशी संयोग होऊन कॅरिओफिलिन ऑक्साइड बनतं, आणि अमली पदार्थ शोधणारे कुत्रे गांजातल्या ज्या द्रव्याला प्रतिसाद देतात ते मुख्यतः हेच असल्याचं १९७० च्या दशकातल्या संशोधनात म्हटलं आहे. माणसाला जो माल शिळा आणि बिनवासाचा वाटतो, त्यावर कुत्रा सरळ जाऊन बसू शकतो तो यामुळेच.

जिथे लागवड कायदेशीर आहे, तिथे हा वास आता शेजाऱ्यांच्या तक्रारींचा विषय झाला आहे. कॅलिफोर्नियातल्या कार्पिंटेरियात जुनी फुलांची हरितगृहं गांजाकडे वळली, आणि वस्तीपर्यंत पोहोचणाऱ्या दर्पावरून तिथे वर्षानुवर्षं वाद चालले. हवेतून वास काढण्यासाठी सहसा सक्रिय कोळशाचे गाळणे वापरतात. त्याच्या असंख्य सूक्ष्म छिद्रांत रेणू अडकून राहतात. पण गाळणं नीट चालतं की नाही हे तपासताना मोजायचं काय, हा खरा प्रश्न आहे. टर्पिनं मोजायला सोपी, कारण ती भरपूर असतात. शेजाऱ्याच्या नाकाला मात्र त्यांच्या कैक पट कमी असलेला थायॉल त्रास देतो. टर्पिनांचा आकडा नव्वद टक्क्यांनी खाली आला आणि थायॉल उंबरठ्याच्या वरच राहिला, तर कागदावर काम फत्ते झालेलं असतं आणि तक्रारी चालूच राहतात. त्यामुळे अशा ठिकाणी गंधकाची वेगळी मोजणी आणि प्रशिक्षित नाकांची नोंद, दोन्ही लागतात.